पडद्याकडे पाठ

त्यांनी पहिला बायोस्कोप पडद्याकडे पाठ करून पाहिला.

हे ऐकीव नाही, मी तिथे होते. धारला किल्ल्याखालच्या मैदानात मुंबईहून एक तंबू आला होता. वडील तेव्हा धार दरबारच्या नोकरीत होते आणि मी इंदूरच्या मड्डमांच्या शाळेतून सुट्टीला घरी आले होते. बायकांची जागा सर्वांत मागे, बांबूच्या चिकेआड होती आणि चित्रे फेकणारे यंत्र चिकेच्या अगदी पुढे तिपाईवर उभे होते. दिवे मालवले. पडद्यावर आगगाडी आली. पुढच्या सतरंजीवरची माणसे बाजूला सरकली. त्या अंधारात मला शंभरदीडशे डोक्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या आणि त्यांत एकच चेहरा. एक किडकिडीत गृहस्थ, डोक्याला लाल पगडी, आगगाडीकडे पाठ करून मांडी घालून बसले होते आणि आमच्याकडे एकटक पाहत होते.

बायकांत कुजबुज झाली. आईने मला आपल्या मागे ओढले. थोड्या वेळाने एका धिप्पाड माणसाने येऊन त्यांचा खांदा धरला.

"कँई देखी रियो हे, भिया? उधर लुगायाँ बैठी हे."

"यंत्र पाहतो आहे," ते म्हणाले.

"मशीन में कँई देखणो? तमाशो तो उधर हे."

"तमाशा पुढं कधीतरी पाहीन. आज हात बघू द्या त्याचा."

यंत्राचे हँडल फिरवणाऱ्या माणसाच्या हाताबद्दल ते बोलत होते, पण हे त्या धिप्पाड माणसाला कसे कळावे? त्याने त्यांना उठवून बाहेर नेले. जाताना ते उलट पावली चालत गेले, म्हणजे यंत्र नजरेआड होऊ नये. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले आणि पुन्हा उलटेच बसले, असे वडील घरी येऊन सांगत होते. वडिलांना ते फार हसू येण्याजोगे वाटले.

वर्षभराने वडिलांना देवासला थोरल्या पातीच्या दफ्तरात जागा मिळाली. माझी शाळा संपली होती. नव्या घरात आम्ही सामान लावत होतो, तेव्हा एका शुक्रवारी सकाळी दारात तीच लाल पगडी दिसली. ते दरबारचे घड्याळजी होते. अधिकाऱ्यांच्या घरची भिंतीवरची घड्याळे दर शुक्रवारी चावी देऊन वेळेवर लावणे हे त्यांच्या कामातच होते. मी त्यांना ओळखले. तसे बोलून मात्र दाखवले नाही.

देवासबाहेरच्या माणसाला सांगावे लागते की त्या एका गावात दोन राज्ये आहेत. रस्त्याच्या एका बाजूला थोरली पाती, दुसऱ्या बाजूला धाकटी. दोन दरबार, दोन कचेऱ्या. घड्याळजी दोन्हीकडची घड्याळे पाहत. त्यांच्या अंगरख्याला दोन खिसे होते आणि दोन्ही खिशांत एकेक घड्याळ. उजवीकडचे थोरल्या पातीचे, डावीकडचे धाकट्या पातीचे. दोन्हींत चार मिनिटांचा फरक होता. तो कोणी केला हे त्यांनाही माहीत नव्हते. कामावर आले तेव्हा तो तसाच होता आणि घड्याळजीने मिळालेली वेळ मोडू नये असे त्यांचे मत होते. रस्त्यात कोणी वेळ विचारली की ते थांबत, आपण कुठल्या बाजूला उभे आहोत ते पाहत आणि मग त्या खिशात हात घालत. एकदा वडिलांनी मुद्दाम रस्त्याच्या मधोमध त्यांना गाठून वेळ विचारली.

"कोणत्या कामाला जायचंय?" ते शांतपणे म्हणाले.

"आणि तुमची स्वतःची वेळ कोणती हो, घड्याळजी?"

"मला घड्याळ लागत नाही. मी आरतीवर चालतो."

ही थट्टा असावी असे आम्हाला वाटले. त्यांचा चेहरा पाहून थट्टा कोणती हे कधी समजत नसे. पण ते खरेच आरतीवर चालत. भात चढवला की आठ आरत्या, चहाला दोन, कुठल्याशा तेलात चाके बुडवून ठेवायची तर दोन आरत्या आणि वर एक श्लोक. त्यांच्या वडिलांपासून त्यांच्या घरात एकच आरती म्हटली जाई, तीच त्यांचे माप होते. घड्याळे ही लोकांसाठी होती.

मला इंग्रजी येते हे कळल्यावर त्यांनी पुढच्या शुक्रवारी चावीबरोबर फडक्यात बांधलेली काही विलायती मासिके आणली. ती त्यांना धारच्या तंबूवाल्याने दिली होती. पाने सुटलेली, कोपरे कुरतडलेले.

"वहिनी," ते आईला म्हणाले, "तुमच्या इंग्रजीबाईंनी एवढं वाचून दाखवलं तर बरं होईल. घड्याळ मी तोवर साफ करतो."

आईने मान डोलावली. तेव्हापासून मी इंग्रजीबाई झाले. मी त्यांना काका म्हणत असे.

मी वाचत असे आणि मराठीत सांगत असे. सांगताना माझी पंचाईत होई, कारण त्या वस्तूंना मराठीत काय म्हणतात हे मला ठाऊक नव्हते. ते खुणेवरून ओळखत. फीत सरकताना भिंगावर येणारी झाप म्हणजे पापणी. फितीच्या भोकांत शिरून तिला ओढणारे दोन काटे म्हणजे नखं. "त्यात काय, इंग्रजीबाई? मांजर पडदा ओढतं तसं." माझे मराठी पुढच्या दोन वर्षांत पुष्कळ सुधारले. ते सुधारायला हवे होते असे कोणी म्हणत नसे, पण मला माहीत होते.

हलती चित्रे कोणी शोधून काढली यावर त्या मासिकांत मोठे वाद होते. घड्याळजींना वादाशी कर्तव्य नव्हते. ती सगळी मंडळी त्यांनी आप्तांसारखी लावून घेतली होती. एकाने धावत्या घोड्याच्या वाटेवर ओळीने कॅमेरे मांडून त्याचे चारही पाय जमिनीवरून सुटतात हे दाखवले होते, ते 'घोडेवाले'. एकाने बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा करून उडत्या पक्ष्यांवर रोखला होता, ते 'बंदूकवाले'. फ्रान्समधल्या दोघा भावांना फीत थांबत थांबत पुढे नेण्याची युक्ती शिवणयंत्रावरून सुचली होती. त्यांना ते नुसते 'आपले भाऊ' म्हणत.

आणि एक फ्रेंच गृहस्थ होते. त्यांनी या सर्वांच्या आधी कॅमेरा जवळजवळ पुरा केला होता. ते आपल्या भावाला भेटले, आगगाडीत बसले आणि उतरलेच नाहीत. माणूस नाही, सामान नाही. हे वाचले त्या दिवशी घड्याळजींनी हातातला स्क्रू खाली ठेवला आणि मला तो उतारा पुन्हा वाचायला लावला. त्यानंतर दर शुक्रवारी चावी देऊन झाली की ते विचारत, "बेपत्तासाहेबांची काही खबर?"

"नाही, काका."

"बरं. पुढच्या खेपेला बघू."

मासिके तीच होती, पाने तीच होती, आणि बेपत्ता होऊन त्या गृहस्थांना दीड तप लोटले होते. एकदा माझ्या मनात आले की सापडले म्हणून सांगून टाकावे. पण जे छापलेले नाही ते वाचून दाखवणे मला जमले नाही.

शिवणयंत्राची गोष्ट कळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते अवेळी आले. आईचे हातयंत्र ओसरीवर असे. ते तिच्यासमोर जमिनीवर उताणे झोपले आणि मान तिरपी करून खालून पाहू लागले.

"वहिनी, जरा शिवा."

"काय शिवू?"

"काहीही. मला कापड बघायचंय."

आईने एक जुना पडदा घेतला आणि हँडल फिरवायला सुरुवात केली. सुई वर असताना कापड सरके, सुई खाली असताना थांबे. सरके, थांबे. तासभर ते तसेच पडून होते. आईने एका पडद्याला चार वेळा काठ मारला.

"भावोजी, आता पडदा उरला नाही."

"झालं, वहिनी." ते उठून बसले. पाठीला धूळ, डोळे लाल. माझ्याकडे वळून म्हणाले, "इंग्रजीबाई, चित्र हलत नाही हो. चित्र थांबतं. हलतं तेव्हा पापणी मिटायची आणि थांबलं की उघडायची. एवढंच आहे सगळं."

त्यानंतर त्यांनी हलती चित्रे टिपायची पेटी केली. सागवानी, आमच्या देवघराएवढी. चाके मोडक्या घड्याळांची, नखे त्यांनी स्वतः कानस मारून घडवलेली. भिंग आणि कोरी फीत मात्र मिळेना. ती विलायतेहून मागवावी लागत. दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याने, ज्यांना सगळे रावसाहेब म्हणत, भिंग मागवून दिले. फीत यायला दोन वर्षे गेली.

ती दोन वर्षे घड्याळजी रिकामी पेटी फिरवत होते. रोज सकाळी त्यांच्या ओट्यावर पेटी मांडलेली असे, भिंग रस्त्याकडे. बैलगाडी, पाणक्या, शाळेची पोरे, जे समोरून जाईल ते ते टिपत, म्हणजे काहीच टिपत नसत. टाळीला एक फेरा या मापाने हँडल फिरे आणि तोंडाने आरती चालू. मेथी विकणारी म्हातारी रोज पेटीसमोर पदर नीट करून उभी राही.

"भिया, म्हारो फोटू कदे निकलेगो?"

"आज पेटी खाली हे, माँ. आज सिर्फ हात साधी रियो हूँ."

"काल भी खाली थी."

"काल का हात कच्चा था."

शुक्रवारी ते पेटी आमच्याकडे आणत. आतली चाके नीट चालतात का हे पाहायला त्यांना डोळा पेटीच्या पोटात घालावा लागे. मग हँडल मी फिरवायचे. ते आतून आरती म्हणत, त्यांचा आवाज पेटीतून घुमून येई आणि मी त्याप्रमाणे हात चालवी. "बाहेर बघू नका," ते आतून सांगत. "समोरचं बघितलं की हात त्याच्या मागे जातो." मला बाहेर बघायचे नव्हतेच. रिकाम्या पेटीचे हँडल फिरवणे हे मला आवडणारे काम होते. त्यात बोलावे लागत नसे.

पुढचे लिहिण्याआधी त्यांचे शेवटी काय झाले ते सांगून टाकते, म्हणजे ते मनात अडकून राहणार नाही. त्यांनी देवासला आणखी चार फिती काढल्या. माळव्याच्या उन्हाळ्यात त्या आधी पिवळ्या पडल्या, मग चिकट झाल्या आणि एकमेकींना धरून बसल्या. हात थरथरू लागल्यावर घड्याळजी नर्मदेपलीकडे भाचीकडे राहायला गेले. जाताना दोन्ही खिशांतली घड्याळे ज्या त्या दरबारात जमा केली, चार मिनिटांच्या फरकासकट. तिथून त्यांची दोन पत्रे आली. दोन्हींच्या शेवटी तोच प्रश्न होता, की बेपत्तासाहेबांचा काही पत्ता लागला का.

पण चार फिती निघाल्या त्या पहिल्या फितीमुळे आणि पहिली फीत जवळजवळ बुडाली होती.

ती नवरात्रात आली. कथलाच्या डब्यात, कडेला पट्टी चिकटवलेली. दोन मिनिटांची फीत, तिची नक्कल उतरवायला तेवढीच कोरी पट्टी, आणखी काही नाही. रावसाहेबांनी आपली अट डब्याबरोबरच सांगितली होती. थोरल्या पातीच्या दसऱ्याच्या मिरवणुकीचे चित्र काढायचे. ते ठीक निघाले तर आणखी फिती मागवू. नाही निघाले तर पेटी कोठीत जमा करायची आणि घड्याळजींनी घड्याळे पाहायची. भिंग दरबारचे होते, त्यामुळे पेटीही दरबारचीच म्हणायची. घड्याळजींनी हे आम्हाला सांगितले तेव्हा आवाजात काही फरक नव्हता. चावी मात्र त्यांनी त्या दिवशी दोनदा दिली.

दसऱ्याला मी इतर बायकांबरोबर एका गच्चीवर होते. खाली वळणावर, दगडी चौथऱ्यावर घड्याळजी पेटी लावून उभे होते. मिरवणूक आली तेव्हा सगळ्यांनी मिरवणूक पाहिली. मी मधून मधून त्यांच्याकडे पाहत होते. नगारे इतके वाजत होते की शेजारणीचे बोलणे ऐकू येत नव्हते, पण घड्याळजींचे ओठ हलत होते आणि हात फिरत होता. मिरवणुकीनंतर त्यांनी फीत पितळी घंगाळांत धुतली, आढ्याला टांगून वाळवली आणि कोऱ्या पट्टीवर उतरवून घेतली. उजेडात धरून मला एक बोटभर तुकडा दाखवला. त्यात एका छडीदाराची चार चित्रे होती, सगळी सारखी.

दाखवण्याचे यंत्र देवासला कोणाकडेच नव्हते. दिवाळीनंतर मुंबईचा तंबू देवासला आला, तेव्हा रावसाहेबांनी तंबूवाल्याला सांगून फीत लावायला लावली. दरबारची मंडळी पुढे गाद्यांवर बसली. घड्याळजी त्यांच्यातच होते, अर्थात उलटे. यंत्रवाल्याचा हात पाहत.

फीत सुरू झाली. छडीदार ठीक चालत आले. त्यांच्या मागून घोडे आले, ते जरा जड पावलांनी. मग पायदळ आले आणि त्यांचे पाय चिखलातून काढल्यासारखे उचलले जाऊ लागले. शेवटी हत्ती आला. तो इतका सावकाश आला की एक पाय उचलून तो विचार करत आहे असे वाटले.

"घड्याळजी," पुढून कोणीतरी म्हणाले, "हत्तीला अफू घातली होती काय?"

"हत्तीलाच का? अख्ख्या लवाजम्याला पाजलेली दिसते."

हशा झाला. अफूच्या मुलखात अफूच्या विनोदाला कोणी मागे राहत नाही. रावसाहेब हसले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "तंबू तीन दिवसांनी उठतो. तोवर काय ते पाहा. नाहीतर पेटी कोठीत."

घड्याळजी गोंधळून यंत्राकडेच पाहत राहिले. त्यांनी पडद्यावर काहीच पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी ते आले.

"इंग्रजीबाई, ते लोक म्हणतात हत्ती झोपला होता. असं कसं होईल? यंत्रवाल्याचा हात मी घड्याळ लावून पाहिला. पहिल्या फेऱ्यापासून शेवटच्या फेऱ्यापर्यंत एकसारखा. चांगला कारागीर आहे तो."

मला कारण रात्रीच कळले होते. सांगावे की नाही याचा मी सकाळपासून विचार करत होते. मोठ्या माणसाची चूक त्याच्या तोंडावर सांगणे मला कधीच जमलेले नाही. पण ते पेटी बरोबर घेऊन आले होते, ती कोठीत पोचवण्याच्या वाटेवर असल्यासारखी कडेवर धरून.

"काका," मी म्हणाले, "तो एकसारखा फिरवत होता, हे खरं आहे. तुम्ही नव्हता फिरवत."

"मी?"

"तुम्ही आरती म्हणा. इथं, घड्याळासमोर. मी मोजते."

त्यांनी पेटी ठेवली, हँडल धरले आणि आरती सुरू केली. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक हलत होता. मी मोजत होते. सुरुवातीला लंबकाच्या दहा हेलकाव्यांत हँडलाचे तेरा फेरे झाले. मधल्या कडव्यांना सोळा. शेवटचे कडवे आले, तेव्हा एकवीस.

आरती सगळीकडे तशीच असते. आरंभी सगळे ठाय लयीत, डोळे मिटून. शेवटाकडे टाळ आपोआप पळू लागतात. फीत काढताना हात पळाला की तेवढ्याच वेळात चित्रे जास्त पडतात. तीच फीत दाखवताना दुसऱ्याने संथ हात ठेवला, तर ती जास्तीची चित्रे संपायला जास्त वेळ लागतो आणि माणसे पेंगतात. हे मला त्यांनीच शिकवले होते.

मी आकडे सांगितले. ते घड्याळाकडे पाहत राहिले. घड्याळ त्यांनीच लावलेले होते, त्यामुळे त्याला खोटे म्हणता येईना.

"चाळीस वर्षं म्हणतोय," ते म्हणाले. हँडलावरचा हात काढून पुन्हा म्हणाले, "बाबा तर याहून पळायचे. नैवेद्य समोर असायचा."

आई आतून म्हणाली, "भावोजी, मग उद्या तुम्हीच फिरवा की ते यंत्र. तुमची आरती, तुमचा हात. जसं काढलं तसं दाखवा."

हे इतके सरळ होते की आम्ही तिघेही हसलो. त्यांनी लगेच हँडल धरले. मी लंबक मोजला. तेरा. मध्ये तेरा. शेवटी चौदा.

"पुन्हा."

तेरा, तेरा, तेरा.

त्यांनी डोळे मिटून पाहिले, टाळ घेऊन पाहिले, आईकडून साखरेची वाटी समोर ठेवून घेतली. काही उपयोग झाला नाही. घड्याळजीचा हात होता, एकदा दुरुस्त झाला तो झाला. चूक ठाऊक नव्हती तोवर बिनबोभाट होत होती. आता ती त्यांच्या हाताला येईना. दुपारपर्यंत त्यांच्या कपाळावर घाम होता आणि आरती घड्याळासारखी टिक टिक चालली होती.

मग ते माझ्याकडे वळले. मला आधीच कळले होते आणि मी उठून आत जायला निघाले होते.

"इंग्रजीबाई, एकदा तुम्ही फिरवून बघा."

मी फिरवले. मोजले त्यांनी. तेरा, सोळा, एकवीस. दोन वर्षांच्या शुक्रवारी पेटीच्या पोटातून येणाऱ्या आवाजाबरोबर माझा हात जसा पळायला शिकला होता, तसाच तो पळाला.

"तंबूत पोरीनं यंत्र फिरवायचं?" आई म्हणाली. आता ती हसत नव्हती.

"वहिनी, तुम्ही शिवणयंत्र फिरवता ना?"

"ते घरात."

"चीक हातभर पुढं ओढली की यंत्र बायकांकडे आलं. चिकेच्या आत ते घरच."

आईने वडिलांकडे पाहिले. दुपारच्या जेवणाला घरी आलेले वडील वर्तमानपत्र वाचत होते. ते खाली न ठेवता म्हणाले, "चिकेच्या आत काय चालतं ते पुरुषांनी विचारू नये, असा रिवाज आहे. मी विचारणार नाही." मला कोणीच विचारले नाही. विचारले असते तर मी नको म्हटले असते, आणि मग ही हकीकत इथेच संपली असती.

दुसऱ्या दिवशी चीक पुढे आली. भिंगापुरते तिला भोक पाडले. यंत्रवाला आधी कुरकुरला, मग दिव्याच्या बाजूने चिकेबाहेर उभा राहिला. "बाई, बत्ती मेरी, हँडल आपका," तो हळू आवाजात म्हणाला. "हात मत रोकना, फीत जल जाएगी." आई माझ्या शेजारी बसली होती आणि तिने माझा पदर धरून ठेवला होता.

भोकाच्या कडेने मला पुढचे दिसत होते. घड्याळजी सवयीने आमच्याकडे तोंड करून बसले. पण आता समोर यंत्र नव्हते, नुसती चीक होती.

"घड्याळजी," रावसाहेब म्हणाले, "तिकडे बायका आहेत. इकडे तोंड करा."

ते क्षणभर तसेच राहिले. मग हातांवर भार देऊन, मांडी न मोडता, जागच्या जागी फिरले.

मी हँडल धरले. पडद्याकडे पाहायचे नाही हे मला ठाऊक होते, समोरचे बघितले की हात त्याच्या मागे जातो. म्हणून मी लाल पगडी आणि तिच्याखालची अंगरख्याची पाठ एवढ्यावरच डोळे ठेवले आणि ओठ न हलवता आरती सुरू केली. ठाय लयीत. दुसरे कडवे. तिसरे. पुढे कोणीतरी म्हणाले, "अरे, तो मी," आणि लोक त्याला गप्प करू लागले. शेवटच्या कडव्याला माझा हात पळाला आणि मी त्याला पळू दिले. पाठ जरा पुढे झुकली. फीत संपून पांढरा उजेड पडला, तरी ती तशीच झुकलेली होती.

अफूबद्दल कोणी काही बोलले नाही.

"हत्ती जागा झाला म्हणायचा," रावसाहेब उठता उठता म्हणाले. "मागवा दुसरी फीत. आणि यंत्र कोण फिरवत होतं आज?"

"आमच्या घरचं माणूस," वडील म्हणाले.

तंबू रिकामा झाला. यंत्रवाला दिवा निवायची वाट पाहत होता. चिकेबाहेर पावले थांबली आणि घड्याळजींचा आवाज आला.

"इंग्रजीबाई, पाहिलंत?"

"नाही, काका. हाताकडे लक्ष होतं."

"बरोबर आहे. फिरवणाऱ्याला दिसत नाही." ते चिकेच्या आणखी जवळ आले. "परवा तुम्ही पाहिलंत ते खरं नव्हतं. सांगतो मी."

आणि ते तिथे, चिकेपलीकडे उभे राहून सांगू लागले. चाके, नखे, पापणी यांपलीकडचे त्यांनी मला काही सांगितलेले तोवर मला आठवत नाही. "पुढं दोन छडीदार आहेत. त्यांतला डावीकडचा जरा लंगडतो. मागनं घोडे. पांढऱ्याला मिरवणूक आवडलेली नाही, तो मान झटकतो. मग हत्ती. हत्ती वळणावर थांबतो बघा, पण अंबारीची झालर थांबत नाही. तो थांबल्यावरही ती हलत राहते."

फीत दोन मिनिटांची होती. त्यांना अजून हत्तीच्या पलीकडे जायचे होते. आई जांभया देत होती. दसऱ्याची मिरवणूक मी गच्चीवरून डोळ्यांनी पाहिली होती. लंगडणारा छडीदार, पांढरा घोडा, झालर, सगळे पाहिले होते.

"मग?" मी विचारले.